पद्मिनी, कूलर आणि लांबलेला रंग

दुरुस्त करून नव्याने रंगवायची गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी. जागा नागपुरातल्या त्रिमूर्ती नगरातल्या एका घराचं पोर्च. वर टिनाचं शेड, दोन बाजूंना हिरवी जाळी, तिसऱ्या बाजूला घराची भिंत आणि त्या भिंतीत हॉलची खिडकी. खिडकी लक्षात असू द्या, पुढे ती लागणार आहे.

मालक बँकेतून निवृत्त झालेले. गल्लीत सगळे त्यांना काकाच म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाईल शिकवत होतो, म्हणून सल्ल्याला माझी वर्णी लागली. हातातलं काम केलं ते एका डेंटर, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या, मिस्त्रींनी. कुठल्या तरी गॅरेजात उमेदवारी करून आता घरोघर जाऊन काम करणारे, साठीच्या आसपासचे गृहस्थ. सुटीच्या दिवशी मुलगा घासाघासीला.

करोनाची दुसरी लाट ओसरल्यापासून गाडी जागची हलली नव्हती. नोंदणीची मुदत २०२६मध्ये संपत होती आणि मे २०२५मध्ये नातीचं लग्न होतं. पाठवणी याच गाडीतून करायची, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं. शहरातल्या दोन गॅरेजवाल्यांनी काम घ्यायलाच नकार दिला: विम्याचं काम नाही, महिनोन्‌महिने जागा अडणार, सुटे भाग कुठून आणायचे. तिसऱ्याने सांगितलेल्या रकमेत तशीच दुसरी पद्मिनी आली असती. तेव्हा काका म्हणाले, घरीच करू.

चुंबक आणि थिनर

वरून गाडी बरी दिसत होती. निळा रंग फिका पडलेला, बॉनेटवर पोपडे, डाव्या मडगार्डवर फुगवटे, बस्स. मिस्त्रींचा अंदाज होता की घासायचं, लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरायची, प्रायमर आणि रंग मारायचा. लग्नाच्या पंधरा दिवस आधी गाडी तयार.

मी आधी दोन साध्या चाचण्या करायला लावल्या. पहिली चुंबकाची. फ्रिजला लावतात तसलं चुंबक मलमलीच्या तुकड्यात गुंडाळायचं आणि बॉडीवरून फिरवायचं. पत्रा असेल तिथे ते धरून ठेवतं, आत लांबीचा जाड थर असेल तिथे सुटतं. उजव्या बाजूला दारांपासून डिकीपर्यंत चुंबक कुठेच सुटलं नाही. डाव्या बाजूला दारांखालच्या पट्टीवर, म्हणजे सिलवर, ते एकदा पडलं, मग पुन्हा पडलं. मिस्त्रींनी पेचकसाने तिथे टोकरलं तर तळहाताएवढी लांबी अख्खी सुटून आली. मागे पत्रा नव्हताच. तिथे वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वरून लांबी थापलेली होती. हे जुनं काम कोणाचं ते काकांनाही आठवेना.

दुसरी चाचणी थिनरची. चिंधी थिनरमध्ये भिजवून रंगावर झाकल्या जागी मिनिटभर ठेवायची. चिंधीला रंग लागला तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास ड्यूको म्हणतात तो. रंगाला सुरकुत्या पडल्या तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर हार्डनरवाला, म्हणजे घट्ट करणारं रसायन मिसळलेला, किंवा भट्टीत भाजलेला. इथे सुरकुत्या पडल्या. याचा अर्थ, वरून एनसी मारला असता तर त्याच्या तेज थिनरने खालचा इनॅमल उचलला असता आणि अख्खी गाडी सुरकुतली असती. जुना रंग पत्र्यापर्यंत काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासायचं नाही, पाणी लावून वॉटर पेपरने घासायचं. घरात लहान मूल होतं, म्हणून काकूंनी ही अट सगळ्यात कडकपणे पाळायला लावली.

आता खिडकी. डावी बाजूच का सडली? पोर्चमध्ये गाडी नेहमी नाक आत करून लागायची. डावी बाजू भिंतीकडे, आणि हॉलच्या खिडकीत कूलर. नागपुरात मार्च संपता संपता कूलर बसतो तो पाऊस लागेपर्यंत हलत नाही. या कूलरची टाकी एका कोपऱ्यातून पाझरत होती, आणि पंप जोरात चालला की वाळ्याच्या ताट्यांतून थेंब बाहेर उडायचे. पाणी बोअरचं, क्षारांचं. वर्षानुवर्षं ते डाव्या सिलवर आणि मागच्या दाराच्या खालच्या कडेवर पडत राहिलं. दाराच्या तळाला पाणी निघायला जी बारीक भोकं असतात ती मातीने बुजलेली, म्हणजे आत शिरलेलं पाणी आतच. पावसाने जे केलं नाही ते कूलरने केलं. काकांना हे पटायला वेळ लागला. मी त्यांना भिंतीवरचे पांढरे ओघळ दाखवले आणि त्यांच्या रेषेत सडलेला पत्रा दाखवला, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कूलर मागच्या खोलीच्या खिडकीत गेला.

सिल सडणं ही वरवरची गोष्ट नाही. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, सिल आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. मूळ गाडी इटालियन फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात ती प्रीमियरने बनवली, पद्मिनी हे नाव १९७०च्या दशकात मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. हे सगळं काका कौतुकाने सांगतात. मला कौतुक वेगळ्या गोष्टीचं आहे: या गाडीचा पत्रा ठोकून घेतो. आजच्या गाड्यांचा कडक पत्रा मिस्त्रींच्या हातोडीला इतकी दाद देत नाही.

सिल कापताना दारं बिजागरीवरच ठेवली, गाडीखाली चार ठिकाणी टेकू दिले आणि एका वेळी वीतभरच पत्रा कापून नवा बसवला. सगळा एकदम कापला असता तर बॉडी बसली असती आणि मग दार आयुष्यभर आपटून लावावं लागलं असतं. पेट्रोलची टाकी आधीच काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली होती. पत्र्यावरून मात्र वाद झाला. मिस्त्रींकडे जुन्या कूलरच्या बॉडीचा जीआय पत्रा पडून होता आणि तो फुकट होता. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड केला की जस्ताचा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि टाकाही सच्छिद्र पडतो. शेवटी २० गेजचा साधा, बिनमुलाम्याचा सीआरसी पत्रा इतवारीच्या बाजारातून आणला. वेल्डिंग गॅसच्या ज्योतीचं नाही, सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणातलं विजेचं. गॅसच्या आचेने पातळ पत्रा वाकतो, आणि तो सरळ दिसावा म्हणून पुन्हा लांबीच भरावी लागते.

लांबी शेवटी लागलीच, पण पापुद्र्याएवढी. इथे एक बारकावा नमूद करतो. पॉलिस्टर लांबीत लाल हार्डनर साधारण दोन टक्के घालायचा असतो. एप्रिलच्या दुपारी कालवता कालवताच ती घट्ट होते, म्हणून मिस्त्री एका वेळी लिंबाएवढीच घेत होते. जास्त हार्डनर पडला तर लांबी लवकर वाळते खरी, पण काही दिवसांनी वरच्या रंगातून गुलाबट डाग वर येतो.

मे महिन्यातलं बॉनेट

रंग कुठला, हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायला हवा होता, तो एप्रिलअखेरीस निघाला. हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ, चकाकीला उत्तम, पेट्रोलचा थेंब पडला तरी डाग धरत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते श्वासात गेलं की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. नाकाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून याच्यासमोर काही उपयोग नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो आमच्याकडे नव्हता, आणि पोर्चच्या जाळीपलीकडे शेजाऱ्यांचं अंगण. म्हणून एनसी ठरला. तो पातळ बसतो, जास्त हात मारावे लागतात, नंतर रबिंग-पॉलिश करावंच लागतं, आणि उन्हात तो लवकर फिका पडतो. तरीही घरच्या पोर्चमध्ये मारायला एनसीच, या मतावर मी आजही ठाम आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात बॉनेट आधी मारून बघायचं ठरलं. त्या दिवशी पारा ४४च्या पुढे. मिस्त्री सकाळी दुसरं काम उरकून येणार, त्यामुळे रंग फवारायची गन हातात आली ती अकरा वाजता. टिनाच्या शेडखाली पत्र्याला हात लावता येत नव्हता. थिनर गनमधून निघून पत्र्यावर पोचायच्या आतच उडत होता. रंगाला पसरून सपाट व्हायला वेळच मिळाला नाही आणि बॉनेटभर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा आला. नागपूरच्या रंगाऱ्यांना ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

यावर मिस्त्रींनी जे केलं ते पाहणाऱ्याला शहाणपणाचंच वाटलं असतं. "काका, कूलर इकडं फिरवा, पत्रा थंडा होऊन जाईन," म्हणाले. मागच्या खोलीतला कूलर चाकांच्या स्टँडवर होता, तो पोर्चमध्ये आला, टाकी भरली आणि झोत बॉनेटवर धरला. पत्रा खरोखर निवला. पुढचे दोन हात मारले आणि दहा मिनिटांत निळ्या रंगावर दुधाळ साय आली.

त्या सायीचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एनसीचा थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पत्र्याची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे रंगाचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश थंड होतो. नागपूरची मेमधली हवा इतकी कोरडी असते की एरवी त्याने बिघडत नाही. पण कूलरची हवा ओलाव्याने ठासून भरलेली. अशा हवेत पृष्ठभाग थोडासाही थंड झाला की हवेतलं पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपाने ओल्या रंगात उतरतं आणि रंग पांढरा पडतो. हा दोष रंगारी पावसाळ्यात पाहतात, म्हणून तो पावसाळ्याचाच समजला जातो. इथे आम्ही भर उन्हाळ्यात, पोर्चपुरता, पावसाळा तयार केला होता.

मिस्त्रींनी कूलर बंद करून रिटार्डर घातलेल्या थिनरचा हलका हात मारला. तो सावकाश उडतो, त्यामुळे अडकलेल्या पाण्याला निघून जायला वाव मिळतो. अर्ध्या बॉनेटवरची साय गेली, अर्ध्यावर राहिली.

जूनचा निर्णय

लग्न भाड्याच्या गाडीने पार पडलं. काकू चार दिवस माझ्याशी जेवणाच्या आग्रहापुरतंच बोलल्या.

खरी कसोटी त्यानंतर आली. मे संपत आलेला, विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्याला लागतो. गाडीचा बराचसा भाग उघडा पत्रा, बाकी राखाडी सरफेसरमध्ये, म्हणजे रंगाआधी मारून घासून सपाट करायच्या थरात. मिस्त्रींचं म्हणणं, पहाटे पाचला गन धरू आणि पावसाच्या आत उरकून टाकू: "एवढं काम झालं, आता थांबून काय करून राहिलो आपण?" त्यात तथ्य होतं. पहाटे पत्रा खरंच निवलेला असतो. पण मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला वावटळी आणि वळवाच्या सरींचा नेम नाही, आणि हिरव्या जाळीतून धूळ आत येते ती कोणाला विचारून येत नाही. मुलाचं मत, सरफेसर मारलेलाच आहे, वरून ताडपत्री बांधू आणि दिवाळीनंतर बघू. तिसरी वाट खर्चाची होती: बॉनेट पुन्हा पत्र्यापर्यंत घासायचं, सगळ्या गाडीचा सरफेसर काढायचा आणि पाऊस लागायच्या आत अख्खी बॉडी इपॉक्सी प्रायमरने बंद करायची.

मी तिसरीच्या बाजूने होतो. कारण एकच, आणि ते घरी काम करणाऱ्या बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. सरफेसर दिसतो रंगासारखा, पण तो सच्छिद्र असतो. घासायला सोपा जावा म्हणूनच त्यात भुकटी भरलेली असते. चार महिने दमट हवेत तो उघडा राहिला की त्यातून ओल झिरपते आणि खालच्या पत्र्यावर गंज धरतो, वरून काही दिसत नाही. लांबीचंही तेच, तीही पाणी पिते. मग हिवाळ्यात वर कितीही सुंदर रंग मारा, पुढच्या पावसात फोड येणार. इपॉक्सी मात्र पाणी अडवतो. त्याचा हार्डनर वेगळ्या जातीचा असतो, आयसोसायनेटचा नसतो. काळजी त्यालाही लागते, पण घरी मारता येतो. ताडपत्रीला मी साफ नकार दिला. पत्र्याला चिकटलेल्या प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि उघड्या हवेपेक्षा जास्त नुकसान करते. त्याऐवजी जुन्या सुती चादरी, आणि जाळीची एक बाजू वाऱ्याला मोकळी.

काका दोन दिवस विचार करून तयार झाले. मला वाटतं त्यांना माझ्या युक्तिवादापेक्षा तो वर्तमानपत्राचा बोळा जास्त पटला. कधी तरी कोणी तरी घाई केली होती, त्याचाच तो पुरावा होता.

इपॉक्सीआधी जिथे गंजाचे डाग उरले होते तिथे फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक लावलं. ते गंजाचं काळपट फॉस्फेट करतं, पण नंतर पाण्याने धुवून पत्रा खणखणीत वाळवावा लागतो. उरलेल्या आम्लावर इपॉक्सी धरत नाही.

पावसातली कामं

जुलै-ऑगस्ट यंत्राकडे गेले. चारही चाकांना ड्रम ब्रेक. व्हील सिलिंडरची रबरं दगडासारखी झालेली, सगळी किट बदलली. हे रंगाआधी झालं ते बरंच झालं, कारण ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उतरवण्याच्या औषधासारखं काम करतं. ड्रममधली काळी भुकटी हवेने उडवू दिली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता असते.

पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदाही बदलला. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. १९८६च्या रबराने ते कधी पाहिलेलं नाही, ते फुगतं, चिरतं. इथेनॉलला चालणारी नळी मागून घ्यावी लागते, दुकानदार आपणहून देईलच असं नाही. दारांची रबरं मुंबईहून आली. तिथल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण त्यांच्या सुट्या भागांचा बाजार अजून पुरता मोडलेला नाही.

तुळशीच्या लग्नानंतर

दिवाळीत फटाक्यांची राख आठवडाभर हवेत असते, म्हणून तुळशीचं लग्न होऊ दिलं. तोवर सकाळी दहाला पत्रा हाताला गारही नाही आणि गरमही नाही अशा बेताचा असतो, हवा कोरडी, वारा पडलेला. रंगासाठी नागपुरात यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

इपॉक्सीला बरेच महिने झालेले, त्यामुळे त्यावर थेट काही बसलं नसतं. आधी ३२०च्या पेपरने त्याची चकाकी मारली, मग सरफेसर. सरफेसरवर काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी केली आणि लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासलं. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, खळग्यातला राहतो. डाव्या मागच्या दारावर असा एक काळा चंद्र राहिला, तो डोळ्यांना आधी अजिबात दिसला नव्हता. मिस्त्रींना ही युक्ती नवी होती, पण ते लगेच म्हणाले की हात आधीच सांगत होता. त्यांनी डोळे मिटून तळहात फिरवला आणि बरोबर त्याच जागी थांबवला. मी गप्प बसलो.

कॉम्प्रेसर घरगुती, छोटा. सतत चालल्याने तो तापतो, टाकीतली हवा गरम राहते आणि त्यातलं पाणी वाफेच्या रूपातच पुढे जातं. म्हणून तो जाळीबाहेर ठेवला, लांब पाइप जमिनीवर पसरून हवा निवू दिली आणि पाण्याचा सापळा गनच्या बाजूला बसवला. बाहेर ठेवण्याचं दुसरं कारण ठिणगी. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. याच कारणासाठी पोर्चमधला इन्व्हर्टर बंद केला आणि काकूंना देवघरातला दिवा काम संपेपर्यंत लावू नका म्हणून सांगावं लागलं. देवघर पोर्चच्या दाराला लागूनच आहे. त्यांनी दिवा उचलून सरळ वरच्या मजल्यावर नेला.

रंगाची छटा डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूवरून जुळवली, तिथे ऊन लागलेलं नव्हतं. नोंदणीपुस्तकात जो रंग आहे तोच ठेवला. रंग बदलला की आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते, ती कटकट नको होती. रंगाचा दाटपणा फोर्ड कपाने, म्हणजे तळाला भोक असलेल्या पेल्यातून रंग गळायला लागणारे सेकंद मोजून ठरवला. गन पत्र्यापासून वीतभर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा, दोन हातांमध्ये दहा-बारा मिनिटं उसंत. बॉनेट या वेळी शेवटी ठेवलं होतं आणि ते पहिल्या झटक्यात सपाट बसलं. उजव्या मडगार्डच्या खाली एक ओघळ आला, तो वाळल्यावर घासून काढला. पंधरा-वीस दिवस रंग मुरू दिला आणि मग रबिंग.

एक सावधगिरी मे महिन्यातच घेतली होती. बॉडीवर कोरलेल्या चासी नंबरावर ग्रीस लावून चिकटपट्टी मारली होती. आरटीओत या नंबराची पेन्सिलने छाप घेतात. लांबीने किंवा रंगाने तो बुजला, किंवा घासून पुसट झाला, तर गाडी तीच आहे हे पटवता पटवता मालकाच्या नाकी नऊ येतात.

नूतनीकरण २०२६मध्ये झालं. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याचं शुल्क १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी, बसवलेली हवी. तपासणाऱ्याने ब्रेक, दिवे, हॉर्न आणि चासी नंबर पाहिला. रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही, याचं मिस्त्रींना वाईट वाटलं.

खर्चाचा हिशेब मुलाने वहीत ठेवलाय. त्यात रंगाचा वाटा सगळ्यात लहान आहे, मोठा वाटा पत्रा, वेल्डिंग आणि मजुरीचा. इपॉक्सीने खर्च वाढवला, आणि मे महिन्यातला सगळा माल वाया गेला तो वेगळाच. सिलच्या आतल्या पोकळीत अजून मेण फवारायचं राहिलंय, पाणी निघायच्या भोकांतून बारीक नळी घालून ते करावं लागतं. मृगाच्या आत ते उरकायचं आहे. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेची मला अजून पुरती खात्री नाही. तिथे दोन पत्र्यांच्या दुमडीत गंज पूर्ण निघालाय की नाही ते बाहेरून कळत नाही, ते पहिल्या पावसाळ्यानंतरच दिसेल.